टीचर, निम्नस्वाक्षरीकार म्हणजे काय?

एप्रिल २०२३. वार्षिक परीक्षांचे दिवस, त्यामुळे पाच वाजताची बॅच फुल्ल. मी नाशिकच्या पाथर्डी फाट्यावरून भाजी घेऊन आले, दोन्ही हातात पिशव्या, तर खालच्या जिन्यातच पोरांचा गलका ऐकू आला. वर गेले तर सगळी आमच्या दाराशी घोळका करून उभी, आणि सातवीतला एक मुलगा वक्तृत्व स्पर्धेत उभा राहिल्यासारखा दारावर चिकटवलेला कागद मोठ्यांदा वाचतोय. "ज्याअर्थी, निम्नस्वाक्षरीकार हे..." मला बघून थांबला आणि म्हणाला, टीचर, निम्नस्वाक्षरीकार म्हणजे काय?

मी गणित-सायन्सचे क्लास घ्यायचे, मराठीचे नाही, पण तोंडातून आपोआप उत्तर गेलं. खाली सही करणारा. निम्न म्हणजे खाली. मग मी पण वाचायला लागले. कर्ज थकलं म्हणून बँकेने घराचा ताबा घेतल्याची नोटीस होती ती. कर्जदार म्हणून ह्यांचं नाव आणि त्याच्याखाली जामीनदार म्हणून माझं, लग्नानंतरचं पूर्ण नाव, ऱ्हस्व-दीर्घासकट बरोबर. एरवी रेशन कार्डापासून गॅसच्या पुस्तकापर्यंत एकाही ठिकाणी माझं नाव कधी धड लिहिलेलं नाहीये.

खरं सांगू का, तेव्हा डोक्यात पहिला विचार घराचा आलाच नाही. पोरं घरी जाऊन आईबापांना सांगतील त्याच्या आत हा कागद निघाला पाहिजे, एवढंच. पोरांना आत बसवलं, अपूर्णांकाची दहा गणितं घातली आणि डोशाचं उलथणं घेऊन दार खरवडत बसले. काय डिंक लावला होता देव जाणे, अक्षरं निघाली पण खाली पांढरा चौकोन राहिला तो राहिलाच, शेवटपर्यंत होता. आणि काढून उपयोग काहीच नव्हता हे नंतर कळलं, कारण चिकटवल्याचा फोटो काढून त्यांनी फाइलला लावलेला असतो आणि सात दिवसांत तीच नोटीस दोन पेपरांत छापून येते, त्यातला एक पेपर मराठी लागतो. आमची आली त्या दिवशी मी खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे सकाळी सकाळी गेले, म्हटलं तुमचा पेपर जरा द्या ना, आमचा आला नाही. त्यांनी दिला. त्यांनी वाचला होता हे त्यांच्या तोंडावरच दिसत होतं, पण त्या काही बोलल्या नाहीत, उलट म्हणाल्या राहू दे तुझ्याकडेच, परत नको देऊस.

घर कसलं तर टू बीएचके, तिसरा मजला, लिफ्ट नाही. २००९ ला घेतलं, तेव्हा पाथर्डी फाट्याच्या पुढे द्राक्षाच्या बागाच होत्या आणि रात्री रिक्षावाले यायला कुरकुर करायचे. तेरा लाखाला मिळालं. डाऊन पेमेंट कमी पडत होतं म्हणून मी सराफ बाजारात जाऊन सहा तोळे मोडले, पाटल्या आणि आईने दिलेला राणीहार, तेव्हा तोळा पंधरा हजाराच्या आसपास होता. आजचा भाव आठवला की पोटात कालवतं, पण तो विषय सोडा. अ‍ॅग्रीमेंट ह्यांच्या एकट्याच्या नावावर झालं. कुणी माझ्यावर जबरदस्ती बिबरदस्ती केली नाही हो, बिल्डरचा माणूस म्हणाला इन्कम साहेबांचं आहे, लोन एका नावावर पटकन होईल, आणि आम्हाला गुढीपाडव्याला राहायला जायचं होतं. बास, एवढंच कारण. आता २०२१ पासून आपल्याकडे नुसत्या बाईच्या नावावर घर घेतलं तर स्टॅम्प ड्युटीत एक टक्का सवलत आहे, म्हणून लोक निदान त्या एक टक्क्यासाठी तरी घर बायकोच्या नावावर घेतात. आमच्या वेळी तेही नव्हतं.

हॉलमध्ये मी एका भिंतीला हिरवा बोर्ड ठोकला आणि क्लास सुरू केले. चोवीस पोरं झाली होती एकेकाळी, दोन बॅचमध्ये.

ह्यांचं अंबड एमआयडीसीत भाड्याच्या शेडमध्ये वर्कशॉप, दोन सीएनसी मशीन, गाड्यांच्या पार्टचं टर्निंगचं जॉब वर्क. एका मोठ्या व्हेंडरकडून काम यायचं. काम चांगलं होतं, पैसे यायचे नाहीत. म्हणजे यायचे, पण नव्वद दिवस म्हणून सांगायचे आणि सहा महिन्यांनी यायचे. लघुउद्योगाला ४५ दिवसांत पैसे द्यायचे असा कायदा २००६ पासून आहे हे मला ह्या सगळ्या प्रकारात समजलं, ह्यांना आधीपासून माहीत होतं. मग तक्रार का नाही केली म्हणून विचारलं तर म्हणाले, अगं तक्रार केली की पैसे मिळतील आणि काम जाईल. बरोबरच होतं म्हणा. अंबड-सातपूरला अशी किती शेड आहेत जिथे कायदा सगळ्यांना पाठ आहे आणि वापरत कुणीच नाही.

तर २०१८ ला, घराचं पहिलं कर्ज नुकतंच फिटलं होतं, तेव्हा ह्यांनी घरावर मॉर्टगेज लोन घेतलं, २८ लाख, साडेअकरा टक्के, पंधरा वर्षं. हप्ता बत्तीस हजार सातशेच्या आसपास. मला म्हणाले एक मशीन घ्यायचंय, ऑर्डर आहे हातात. मी विचारलं घराला काही धोका नाही ना? म्हणाले कागद फक्त त्यांच्याकडे ठेवायचे, घर आपलंच.

फाइलवाला माणूस घरीच आला. एक रविवार होता. जिथे जिथे सही करायची तिथे पेन्सिलीने फुल्या मारून आणल्या होत्या, स्वतःच पानं उलटायचा आणि बोट ठेवायचा, इथे मॅडम, इथे, आता इथे. किचनच्या ओट्यावर पोळ्या अर्धवट ठेवून मी हात पुसून आले होते, तव्याखाली गॅस बारीक चालू. मुलगा तेव्हा दुसरीत, त्याला नुकतं शंभरपर्यंत मोजायचं वेड लागलेलं, तो शेजारी बसून सह्या मोजत होता. एकतीस झाल्या आई. बत्तीस. एकूण त्रेचाळीस झाल्या. त्रेचाळीस वेळा मी सही केली आणि एक ओळसुद्धा वाचली नाही, आणि मी ती बाई आहे जी आठवीच्या पोरांना रोज ओरडते की उदाहरण नीट वाचल्याशिवाय सोडवायला घेऊ नका. जाताना त्या माणसाने चहा छान झाला म्हणून सांगितलं.

जामीनदार म्हणजे मला वाटायचं ओळखीचा माणूस, हा माणूस चांगला आहे असं सांगणारा. नाही. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, बँक आधी त्याच्याकडे जाईल, मग माझ्याकडे, असं काही नसतं, दोघांना एकदमच धरू शकते. घर ह्यांचं, कर्ज ह्यांचं आणि देणं दोघांचं, असा तो हिशोब. तेव्हा कळलं असतं तर सही केली नसती का? केली असती. पण वाचून केली असती आणि मग निदान दर महिन्याला विचारलं तरी असतं हप्ता गेला का म्हणून.

२०१९ ला गाड्यांचा बाजार बसला, पाठोपाठ लॉकडाऊन. मार्च ते ऑगस्ट २०२० रिझर्व्ह बँकेने मोरेटोरियम दिलं तेव्हा आमच्याकडे दिवाळीच झाली, सहा महिने हप्ता नाही. पण हप्ता नाही म्हणजे व्याज नाही असं थोडीच असतं, ते चढतच होतं, आमचं दीड लाखाच्या वर चढलं. हे मी आत्ता हिशोब मांडून सांगतेय. गणिताची टीचर घरात बसलेली आणि तिला कुणी हे गणित घातलंच नाही.

पुढे काय झालं ते मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. २०२२ च्या पावसाळ्यात व्हेंडरने काम दुसऱ्याला दिलं आणि हप्ते थकायला लागले. नव्वद दिवसांच्या वर थकलं की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत कर्ज. त्या सगळ्या काळात हे सकाळी डबा घेऊन जात होते, संध्याकाळी येत होते, मुलीच्या बारावीच्या क्लासची फीसुद्धा भरली, कुठून भरली कोण जाणे. फोन आला की गॅलरीत जायचे. मी आपली समजायचे मार्केटचं टेन्शन. एकदा रात्री साडेआठला माझ्याच मोबाइलवर एक जण बोलला, मॅडम साहेबांना सांगा फोन उचलायला. मी ह्यांना सांगितलं, तर म्हणाले क्रेडिट कार्डवाले असतील. वसुलीवाल्यांनी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नसतो असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पण तो नियम माहीत असायला आधी आपल्याकडे वसुली चालू आहे हे तर माहीत पाहिजे ना.

आता त्या दिवसावर परत येते, कागद खरवडला त्या. रात्री पोरं झोपल्यावर मी उलथणं ह्यांच्यासमोर ठेवलं. नुसतं ठेवलं. हे बराच वेळ उलथण्याकडे बघत बसले, मग उठून खाली गेले आणि स्कूटरच्या डिक्कीतून एक प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आले. किराणा दुकानाची, गाठ मारलेली. त्यात सगळ्या नोटिसा. जानेवारीत आलेली मोठी, साठ दिवसांत २९ लाख ४० हजार आणि पुढचं व्याज भरा नाहीतर ताबा घेऊ म्हणणारी. सरफेसी म्हणतात त्या कायद्याला, २००२ चा आहे, त्यात बँकेला कोर्टात दावा लावायची गरजच पडत नाही, नोटीस द्यायची, साठ दिवस थांबायचं आणि ताबा. आणि त्याच पिशवीत माझ्या नावाचं वेगळं पाकीट. बंद. पोस्टमन ह्यांच्या ओळखीचा, त्याने दोन्ही वर्कशॉपवरच दिली होती.

म्हटलं, हे फोडलं पण नाहीत?

म्हणाले, तुझ्या नावाचं होतं, मी कसं फोडणार.

मला आजही कळत नाही ह्या वाक्यावर हसायचं की रडायचं. हा माणूस माझं पत्र फोडत नाही. सज्जन आहे. लग्नाला तेवीस वर्षं झाली, माझी पर्स कधी उघडली नाही. आणि तेच पाकीट तीन महिने डिक्कीत घेऊन माझ्याच मागेपुढे फिरत होता, त्याच स्कूटरवरून आम्ही जानेवारीत संक्रांतीचं वाण आणायला रविवार कारंज्याला गेलो, मी मागे बसले होते. माझ्या बुडाखाली ती नोटीस. शब्दाबद्दल माफ करा पण दुसरा शब्द नाही.

सीबीएसजवळ कोर्टाच्या समोर एका वकिलांकडे गेलो, माझ्या चुलत दादाच्या ओळखीचे. दादा बरोबर आला होता, तो बाहेरच थांबला, म्हणाला तुमचं घरातलं बोलणं असेल. वकिलांनी सगळे कागद पाहिले, अगदी शांतपणे, आणि पहिला प्रश्न मला विचारला, ताई तुमचं नाव इंडेक्स टूवर, म्हणजे घराच्या खरेदीच्या सरकारी नोंदीवर, आहे का? नाही. कर्जाचे पैसे मिळाले होते का तुम्हाला? म्हणजे ह्यांच्या खात्यात आले होते का? आले होते. मग म्हणाले, बघा, दिवाणी कोर्ट ह्यात हात घालत नाही, डीआरटीत, म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरणात, जावं लागतं, ते नाशिकला नाही, आणि ताबा नोटिशीपासून ४५ दिवस आहेत. जामीनदार म्हणून, बाधित व्यक्ती म्हणून तुम्ही जाऊ शकता. पण तिथे जाऊन सांगणार काय? त्यांच्या कागदात चूक असेल तर मी लढतो. चूक मला दिसत नाहीये.

मी विचारलं, बायकोचा काही हक्कच नाही का राहत्या घरावर? सोनं मी मोडलंय. ते म्हणाले, पावती आहे? सोनं मोडल्याची पावती होती का तर असेल, २००९ ची, कुठे असेल देव जाणे. आणि पावती असूनही बँकेपुढे तिचा काही फार उपयोग नव्हता असंही तेच म्हणाले. सामायिक घरात राहायचा हक्क कायद्यात आहे, घरगुती हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यात, पण तो नवऱ्याने बाहेर काढू नये म्हणून. इथे नवरा तुमच्याच बरोबर बाहेर निघतोय. हे असं बोलून ते स्वतःच थोडे ओशाळले आणि चहा मागवला.

एक गोष्ट मात्र त्यांनी कामाची सांगितली आणि ती मी इथे मुद्दाम लिहिते कारण आम्हाला ती वेळेत कळली नाही. घर आपल्या हाताने विकता येतं. बँकेला सांगून, गिऱ्हाईक बघून, गिऱ्हाइकाच्या पैशातून कर्ज फेडून, उरलेलं आपलं. आणि पूर्ण पैसे भरून घर सोडवायचं तर लिलावाची जाहिरात छापून यायच्या आत, त्यानंतर नाही. पूर्वी विक्रीच्या दिवसापर्यंत मुदत असायची, २०१६ च्या दुरुस्तीनंतर ती जाहिरातीपर्यंतच आली. जानेवारीत, ती पिशवी डिक्कीत जायच्या ऐवजी टेबलावर आली असती, तर आम्ही आमच्या भावाने घर विकलं असतं. शेजारच्या विंगमधला तसाच फ्लॅट त्या वर्षी ४६ लाखाला गेला. तो सिंहस्थ कुंभमेळ्याच्या आशेचा भाव असेल थोडा, पण गेला हे खरं.

एप्रिलनंतरही वेळ होता, नाही असं नाही. एक गिऱ्हाईक आलंसुद्धा, नवरा-बायको, दोघं नोकरीवाले, बाई ओट्याची उंची हाताने मोजून बघत होती. हे आतल्या खोलीतून बाहेरच आले नाहीत. आणि ती माणसं गेल्यावर म्हणाले, दोन महिने थांब, एक ऑर्डर येतेय, एकदम सगळं क्लिअर करू. बँकेने तडजोडीचा आकडाही दिला होता, साडेसत्तावीस लाख, तीन महिन्यांत. ह्यांच्या डोक्यात ऑर्डर. माझ्या भावाने पाच लाख देतो म्हटलं, माझ्या वहिनीने हातातल्या बांगड्या काढून ठेवल्या होत्या, हे नको म्हणाले. मला राग कर्जाचा नाही, धंद्यात बुडतात माणसं, आमच्या अंबडला रोज कुणीतरी बुडतं. मला राग त्या नको म्हणण्याचा आहे. ते नको म्हणताना मी शेजारीच बसले होते आणि मला कुणी विचारलं नाही, आणि मीही मध्ये बोलले नाही.

एप्रिलमधला ताबा नुसता कागदावरचा, प्रतीकात्मक म्हणतात. आपण घरातच राहतो आणि घर आपलं नसतं. खरा ताबा फेब्रुवारी २०२४ ला. मधले दहा महिने कसे गेले ते लिहीत नाही, सांगण्यासारखं त्यात काही नाही, पांढऱ्या चौकोनावर मी गणपतीचं कॅलेंडर लावलं होतं एवढंच.

कलेक्टर कचेरीतून ऑर्डर झाली की तारखेची नोटीस येते, त्यामुळे सामान आम्ही आधीच हलवलं होतं, सिडकोत पवननगरला भाड्याची जागा घेतली होती. सासूबाईंना पंधरा दिवस आधीच नणंदेकडे निफाडला पाठवलं, त्यांना सांगितलं घराला रंग देतोय. त्यांना कळलं होतं. निघताना देव्हाऱ्यातला बाळकृष्ण पिशवीत घालून घेऊन गेल्या, म्हणाल्या रंगाचे शिंतोडे उडतील.

सकाळी अकराला माणसं आली. मंडल अधिकारी, तलाठी, बँकेचे दोघे, त्यांचे वकील, एक पोलीस आणि एक लेडी कॉन्स्टेबल. मला वाटलं होतं धक्काबुक्की होईल, आरडाओरडा होईल. कुणी आवाज चढवला नाही. मंडल अधिकारी वयस्कर होते, तीन मजले चढून धापा टाकत होते, त्यांनी पाणी मागितलं. ग्लास सगळे पवननगरला गेलेले. शेवटी पोह्यांच्या स्टीलच्या डब्याच्या झाकणात पाणी दिलं, त्यांनी दोन्ही हातांनी धरून प्यायलं. मग पंचनामा. एक लोखंडी कॉट, मोडलेली. एक कूलर, मोटर नसलेला. एक प्लॅस्टिकची बादली. तलाठी मोठ्याने बोलत होते आणि एक जण लिहीत होता. बोर्ड भिंतीलाच होता, स्क्रू गंजले होते म्हणून निघाला नव्हता. तलाठ्यांनी विचारलं, हा काय लिहू? फळा लिहा, मी म्हटलं. त्यावर कोपऱ्यात तारीख लिहिलेली होती शेवटच्या बॅचची, आणि गृहपाठ, सरावसंच ७.

चौकशीला शेजारी कुणी आलं नाही. सगळी दारं बंद. आणि मला ते बरंच वाटलं, दारं उघडी असती तर मी मेले असते लाजेने. फक्त खालच्या काकूंच्या दाराच्या फटीतून उदबत्तीचा वास येत होता.

बँकेच्या माणसाने नवीन कुलूप आणलेलं, कागदी पिशवीत, किमतीचं स्टिकर तसंच. कुलूप लावून त्यावर कापड गुंडाळतात आणि लाखेचं सील करतात. तो मेणबत्ती पेटवून लाख वितळवायला लागला तर आमच्या जिन्यात कायम वारा, तिसऱ्या मजल्यावर तर फारच, काडी पेटवली की विझायची. चार-पाच काड्या गेल्या. तेव्हा माझा मुलगा, आठवीतला, सगळ्यांच्या मागे दप्तर घेऊन उभा होता, त्याने दप्तर खाली ठेवलं, पुढे गेला आणि मेणबत्तीच्या भोवती दोन्ही हातांची ओंजळ धरली. लाखेचे थेंब पडेपर्यंत तसाच उभा राहिला. सील झाल्यावर बँकेचा माणूस त्याला थँक यू म्हणाला. हे तेव्हा जिन्याच्या खालच्या वळणावर भिंतीला टेकून उभे होते, त्यांनी ते पाहिलं. मी त्यांना ते पाहताना पाहिलं. एवढी वर्षं बरोबर राहून मी त्यांचा चेहरा असा कधी बघितला नव्हता, आणि त्या दिवसापासून मी त्यांना बोलायची बंद झाले. म्हणजे टोमणे मारायची. बोलतो तर आम्ही रोजच.

लिलाव दोनदा झाला. पहिल्यांदा राखीव किंमत ४२ लाख, कुणी फिरकलं नाही, मग दहा टक्के कमी केली आणि त्याच्या थोडंसंच वर गेलं, ३७ लाख ९० हजार. बँकेचं व्याज, खर्च, वकिलांची फी, पेपरची जाहिरात, कुलपाचेसुद्धा पैसे असतील त्यात, सगळं वजा जाऊन दोन लाख दहा हजार उरले. उरलेले पैसे मालकाला परत मिळतात. मालकाला म्हणजे ह्यांच्या खात्यात. त्यांनी त्याच दिवशी माझ्या खात्यावर टाकले, मेसेज आला तेव्हा मी एका मुलाच्या घरी शिकवत होते. सहा तोळे म्हणून टाकले असावेत बहुतेक. दोन लाखात आता सहा तोळे येत नाहीत, पण आम्ही दोघांनीही तो हिशोब काढला नाही.

आता हे दुसऱ्याच्या शेडमध्ये सुपरवायझर आहेत, मशीनं विकली. पवननगरच्या घरमालकांना क्लास चालत नाही, चपलांची गर्दी होते म्हणे, म्हणून मी घरोघरी जाते, चोवीसातली अकरा पोरं टिकली. मुलीला कॉलेजसाठी लॅपटॉप हवा होता, हप्त्यावर घ्यायला गेले तर दुकानातल्या पोराने कॉम्प्युटरमध्ये बघून मान हलवली. जामीनदाराचाही सिबिल, म्हणजे कर्ज फेडण्याच्या पतीचा स्कोअर, जातो. शेवटी त्या दोन लाखातूनच घेतला.

एक गोष्ट मात्र राहिलीय. जुन्या घराच्या लाइट बिलाला मोबाइल नंबर माझा आहे, कारण बिल मीच भरायचे. नवीन माणसांनी नाव बदललं असेल-नसेल, नंबर काही बदललेला नाही, त्यामुळे महावितरणचा मेसेज दर महिन्याला मलाच येतो. किती युनिट, किती रुपये, शेवटची तारीख. ह्यांना सांगितलेलं नाही. मे महिन्यात ६१ युनिट आले म्हणजे गावी गेले असणार. जूनमध्ये एकदम २३८. आमचं कधी दीडशेच्या वर गेलं नाही, तेव्हा एसी बसवलाय हे नक्की, हॉलमध्येच बसवला असेल, बोर्डाच्या भिंतीला बाहेरून जागा आहे. फोन करून नंबर बदलून घ्या म्हणून सांगायचं ठरवते आणि राहून जातं.

ह्या महिन्यात त्यांनी बिल लवकर भरलंच नाही. तारीख जवळ आली तसा आठवणीचा मेसेज आला, मग परत एक. मला उगाचच चैन पडेना, दोनदा रात्री उठून फोन बघितला. शेवटच्या दिवशी संध्याकाळी सात वाजता आला, बिल भरल्याचा. मग मी कुकर लावला.